खुशालमामाचा उजवा पाय

खुशालच्या उजव्या पायाने त्याच्या सख्ख्या भाच्याला लाथ मारली, तेव्हा मी तिथून सहा-सात हातांवर उभा होतो. तरी ती लाथ मी पाहिली नाही. माझ्या हातात नावांचं रजिस्टर होतं आणि मी त्यात कुणाचं तरी वय शोधत होतो. पुढे हे प्रकरण माझ्याकडेच आलं आणि न पाहिलेल्या लाथेबद्दल मला मत द्यावं लागलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे वाचणाऱ्याने माझ्यावर किती भरवसा ठेवायचा ते त्याचं त्याला ठरवता येईल.

साल १९७८, चैत्राचे शेवटचे दिवस. आसगावहून दोन कोसांवर आमचं गाव. तिथल्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवत असे. प्रयोगशाळेचं एक कपाट आणि ग्रंथालयाची दोन कपाटं माझ्याकडेच होती. त्या वर्षी शाळेत तपासणीचं शिबिर भरलं. बाहेरून एक तरुण डॉक्टर आले आणि त्यांनी प्रयोगशाळेतल्या उंच टेबलावर एकेकाला बसवून तपासायला सुरुवात केली.

खुशाल पन्नाशीचा शेतकरी. हिवाळ्यापासून त्याच्या पायांना मुंग्या येत होत्या. त्याचा भाचा जागेश्वर जवाहरनगरच्या फॅक्टरीत कामाला होता आणि सुटीवर घरी आला होता. तोच मामाला हाताला धरून घेऊन आला. खुशाल टेबलावर चढून बसला, पाय लोंबते सोडले. तेवढ्यात डॉक्टरांचा पेन घरंगळत टेबलाखाली गेला. पेन काढायला जागेश्वर वाकला. डॉक्टर खुशालच्या गुडघ्याकडे बघत होते, खुशाल छताकडे बघत होता, आणि मी, सांगितल्याप्रमाणे, रजिस्टरात. डॉक्टरांनी रबरी हातोडी गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच मारली. पाय उठला आणि जागेश्वरच्या हनुवटीखाली बसला. त्याची जीभ दातांत सापडली.

"फारच छान," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर लिहू लागले.

मग खुशाल हसला. हे मात्र मी ऐकलं. मोठ्याने, पोट हलवून हसला. हसत हसतच टेबलावरून उतरला, हसत हसतच वाकला आणि भाच्याच्या पायाला हात लावून तो हात कपाळाला लावला.

आमच्याकडे भाच्याचं स्थान काय असतं, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. पांढऱ्या मिशांचा मामा चार वर्षांच्या भाच्याच्या पाया पडतो. भाचा पंगतीत उष्टं टाकून उठला तरी मामा काही बोलत नाही. भाच्याला चुकून पायाचं बोट लागलं तर मामा आहे तिथे थांबून नमस्कार करतो, मग पुढे जातो. भाच्याला लाथ मारलेला मामा आमच्या गावात त्या दिवसापर्यंत कुणी पाहिला नव्हता. रांगेत चाळीसेक माणसं होती. जागेश्वरची जीभ सुजायच्या आत बातमी त्याच्या आईकडे, म्हणजे गोदावरीबाईकडे पोचली.

गोदावरीबाई खुशालची धाकटी बहीण. तिला गावातच दिलेलं होतं, तलावाकडच्या आळीत. जागेश्वरचं लग्न अठरा दिवसांवर आलं होतं. तीन दिवस तो नुसती पेज पीत होता आणि बोलू शकत नव्हता, त्यामुळे मामाची बाजू घेणारं त्या घरात कुणी उरलं नाही. त्याचे वडील नत्थूजी होते, पण गोदावरीबाई बोलू लागली की नत्थूजी खांद्यावरचं दुपट्टं ओढून घेऊन गोठ्याकडे जात. चौथ्या दिवशी तिने निरोप धाडला. लग्नात नवरदेवाच्या मागे मामा म्हणून खुशालने उभं राहायचं नाही. लाखनीचा चुलतमामा भय्याजी उभा राहील.

भय्याजीने त्याच आठवड्यात कोट शिवायला टाकला.

खुशाल आणि त्याची बायको मंदाबाई माझ्या खोलीवर आली तेव्हा मी पोळी भाजत होतो. खुशाल दारातच बसला. बराच वेळ त्याने उजवा पाय लांब करून त्याच्याकडे पाहिलं, जसं पाहुण्याच्या पोराने काही फोडल्यावर आपण पाहतो.

"गुरुजी, तुमच्यापाशी लय पुस्तकं आहेत म्हणे."

"दोन कपाटं आहेत," मी म्हणालो.

"त्यात लाथ आहे काय?"

मी म्हणालो, बघावं लागेल.

"पाहा जी. मी नाही मारली. आईच्यान सांगतो. मी वरतं पाहून राहिलो होतो, छताच्या पाटीले पाल होती. खाली माहा पाय काय करून राहिला, मले पत्ताच नाही."

"हे मी गोदावरीबाईले सांगून आली," मंदाबाई म्हणाली. "तं म्हणते, मनात असल्याबिगर पाय उठत नाही. अन् पाय उठला तं उठला, हासला काहून?"

"काहून हसलात?" मी विचारलं.

खुशालने विचार केला. "आलं हासू," तो म्हणाला.

मंदाबाईने माझ्या तव्यावरची पोळी उलटली, कारण ती जळू लागली होती. मग तिने खरं काय ते सांगितलं. "आम्हाले लेकरू नाही गुरुजी. जागेश्वर झाला तवापासून हे एकच बोलतात का त्याच्या लग्नात मी मांगं उभा राहीन. चोवीस वर्षं ऐकून राहिली मी. आता नाही राहू देलं, तं मंग पुढं काय बोलतील हे घरात?"

खुशालने पाय आत घेतला आणि त्यावर दुपट्टं टाकलं.

मी म्हणालो, बघतो. हा शब्द मी आयुष्यात फार वापरला आहे आणि बहुतेक वेळा बघण्यापलीकडे माझ्याकडून काही झालेलं नाही. पण त्या खेपेला मी खरंच पुस्तक काढलं. शरीरशास्त्राचं जुनं इंग्रजी पुस्तक होतं, पहिली सोळा पानं वाळवीने खाल्लेली. सुदैवाने गुडघा पुढे होता.

तीन संध्याकाळी शब्दकोश घेऊन बसलो. मला समजलं ते असं. मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूत बारीक बारीक तंतू असतात आणि त्यांचं काम एकच, स्नायू ताणला गेला की ओरडायचं. वाटीखालच्या जाड दोरीसारख्या कंडरेवर हातोडी बसली की स्नायू किंचित ताणला जातो. तंतू ओरडतात. ती ओरड पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथूनच, डोक्याला न विचारता, उलट हुकूम सुटतो की ओढ. स्नायू आखडतो, पाय उठतो. त्याच क्षणी मांडीच्या मागच्या स्नायूला ढिलं पडायचा हुकूम जातो, म्हणजे तो मध्ये येत नाही. (इथे मला नत्थूजी आठवले, पण ते मी कुणाला बोललो नाही.) हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. डोक्याला खबर मागाहून जाते.

म्हणजे खुशाल खरं बोलत होता. मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग वाटलं, पुस्तकात असलं म्हणून काय झालं. प्रयोग करून पाहिला पाहिजे.

प्रयोगशाळेतलं एक मोठं रबरी बूच घेतलं, त्याच्या भोकात पेन्सिल ठोकून बसवली आणि हातोडी तयार केली. शाळा सुटल्यावर दार लावून त्याच टेबलावर बसलो आणि स्वतःच्या गुडघ्यावर मारली. काही झालं नाही. जागा बदलून मारली. जोरात मारली. गुडघा तांबडा झाला, पण पाय लोंबतच राहिला. सगळ्या जगाचे पाय उठतात आणि विज्ञान शिकवणाऱ्याचा उठत नाही, याचा अर्थ काय घ्यायचा. पुस्तकात तळटीप होती. माणूस पायाकडेच ध्यान लावून बसला किंवा पाय ताठ धरला, तर पाय उठत नाही. अशा वेळी त्याला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोराने ओढायला सांगावं, आणि तो ओढत असताना हातोडी मारावी. पण हात ओढायला दोन लागतात आणि मारायला तिसरा. मी एकटा राहत होतो. माझ्या मज्जारज्जूचा निकाल तसाच राहिला.

अशा अवस्थेत मी गोदावरीबाईच्या अंगणात गेलो. ती सुपात तांदूळ निवडत होती. मला पाट दिला. जागेश्वर ओसरीवर बसला होता, त्याने जीभ बाहेर काढून दाखवली, सूज बरीच उतरली होती. तो म्हणाला, "मामाची काईच गलती नाही," पण ते इतकं बोबडं आलं की त्याच्या आईने हातानेच त्याला गप्प केलं.

मी म्हणालो, "बाई, आपला तलाव धरा. तुडुमावर माणूस बसलेला असतो, पाणी सोडणारा. पाळ फुटायला आली तर तो मालगुजाराच्या वाड्यावर विचारायला जातो काय?"

"जाईन तोवर गाव वाहून जाईन."

"बरोबर. तो आधी तुडूम उघडतो. मग वाड्यावर खबर देतो. तसंच शरीरात आहे. पाठीच्या कण्यात तो तुडुमावरचा माणूस आहे, आणि डोकं म्हणजे मालगुजार. पाय कण्याने उचलला. डोक्याला मागाहून समजलं. मामांचा त्यात हात नाही."

उदाहरण चांगलं झालं असं मला वाटलं. मला असं क्वचितच वाटतं.

गोदावरीबाईने सूप खाली ठेवलं. "मालगुजाराले मागून खबर भेटली."

"हो."

"मंग खबर भेटल्यावर मालगुजार हासला काहून?"

मी पाट थोडा मागे सरकवला.

"लेकराच्या तोंडातून रगत आलं, अन् हा हासला. चाळीस माणसाइच्या समोर. ते कण्यानं हासलं काय?"

"हसण्याचं पुस्तकात नाही," मी कबूल केलं. मी सूचीत पाहिलंही होतं.

"मंग पुस्तक अर्धंच आहे." तिने पुन्हा सूप उचललं. "अन् पाय आपोआप उठते म्हणता, तेही मले नाही पटत. दादाचा उठत असन. माह्या पायाले माणूस कळते. दादाच्या पायालेही कळते, आम्ही एकाच मायचे आहोत. त्याले जमिनीचं सगळं भेटलं, आईची भांडी भेटली, मी काही बोलली नाही. पण मनात मले तो काय समजते, ते त्या दिवशी पायातून आलं."

"तुमचा उठला तर?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी तिला उलट प्रश्न विचारीन अशी तिची अपेक्षा नव्हती. माझीही नव्हती.

"माहा पाय उठला तं दादा उभा राहीन," ती म्हणाली. "नाही उठला तं भय्याजी. आइतवारी या. पण त्याच टेबलावर."

रविवारपर्यंत पाच दिवस होते आणि त्या पाच दिवसांत गावाचं काय झालं ते सांगायला संकोच वाटतो. लोक जिथे जागा मिळेल तिथे पाय लोंबते सोडून बसू लागले. पारावर, बैलबंडीच्या दांडीवर, सोसायटीच्या ओट्यावर. ज्याच्या हाती जे येईल त्याने तो गुडघ्यावर मारी. पळीने, लाटण्याने, कंदिलाच्या बुडाने. ज्यांचे पाय उठत ते म्हणत, आम्ही सरळ माणसं, आमच्यात लपवाछपवी नाही. ज्यांचे उठत नसत ते म्हणत, आमचा अंगावर ताबा आहे. दोन तट पडले. एका म्हाताऱ्याचा पाय इतका उठला की त्याने समोर ठेवलेली चुन्याची डबी विहिरीत घालवली, आणि पुढे चार दिवस तो प्रत्येकाला ती गोष्ट अभिमानाने सांगत होता. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. मला वाटलं आता नोकरी जाते. त्यांनी दार लावलं, खुर्चीवर बसून धोतर गुडघ्यापर्यंत घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पाहा बरं."

त्यांचा उठला. माझ्यापेक्षा ते सुखी झाले.

रविवारी सकाळी प्रयोगशाळेत आम्ही सहाजण होतो. गोदावरीबाई, नत्थूजी, जागेश्वर, खुशाल, मंदाबाई आणि मी. बाहेर खिडक्यांना माणसं लटकली होती, म्हणून मी वरचे झरोके सोडून बाकी दारं-खिडक्या लावून घेतल्या. त्यामुळे आत अंधार झाला.

पहिली अडचण ही की हातोडी कुणी मारायची. मी मारणं शक्यच नव्हतं. परक्या बाईच्या गुडघ्याला हात लावण्याचं सोडा, मी त्या दिशेने बघणंही बरं नव्हतं. नत्थूजी "मी गोठ्याचं पाहून येतो" म्हणाले, पण त्यांना अडवलं. जागेश्वर आईला मारायला तयार होईना. खुशालने मारली तर प्रकरण आणखी वाढलं असतं. शेवटी हातोडी मंदाबाईकडे आली. भावजयीने नणंदेच्या गुडघ्यावर हातोडी मारायची, ही कल्पना दोघींनाही पटकन पटली, फक्त वेगवेगळ्या कारणांनी.

"हळू मार वो," गोदावरीबाई म्हणाली.

"हळूच मारते बाई. पंचवीस वर्षं हळूच वागून राहिली मी तुमच्यासंगं."

लुगडं नीट सावरून गोदावरीबाई टेबलावर बसली. समोर कुणी उभं राहायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलं. मी स्वतः पुस्तक घेऊन, तिच्याकडे पाठ करून, कपाटाकडे तोंड करून उभा राहिलो आणि वाचून सांगू लागलो.

"वाटीच्या खाली, दोन बोटं."

टक्, असा आवाज आला.

"उठला काय?" मी कपाटाला विचारलं.

"नाही," गोदावरीबाई म्हणाली.

"थोडं उजवीकडे."

टक्.

"नाही."

असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी मंदाबाई म्हणाली, "गुरुजी, हा पाय नाही, खंबा आहे. दगडावानी ताठ धरला आहे बाईनं."

"धरला नाही. तो तसाच आहे," गोदावरीबाई म्हणाली. "मनात नाही तं उठन कसा? पाहून घे दादा."

खुशाल कोपऱ्यात होता. त्याचा नुसता श्वास ऐकू आला. त्या श्वासाने मला फार अपराधी वाटलं. मी नसतो, पुस्तक नसतं, तर निदान भांडण भांडणासारखं चाललं असतं आणि शेवटी कुणी तरी म्हाताऱ्याने मध्ये पडून मिटवलं असतं. आता ते विज्ञानाने पक्कं झालं होतं.

मी तळटीप वाचली. "बाई, एक राहिलंय. दोन्ही हातांची बोटं अडकवून जोरानं ओढायची आहेत."

"काहून?"

"ध्यान दुसरीकडे जातं."

"म्हणजे मी हात गुंतवून बसू, अन् हे भावजय मले मारन. नाही जमणार."

झालं. बाहेर खिडकीवरून कुणी तरी खाली पडल्याचा आवाज आला. मग मंदाबाई म्हणाली, "पान तरी खा सगळे. गुरुजी सकाळपासून उभे आहेत."

तिने पिशवीतून पानडबा काढला. तो मी त्या वेळी पाहिला नाही, नंतर पाहिला. भंडाऱ्याचा जुना पितळी डबा, झाकणावर मोर. खुशालच्या आईचा. तिने झाकण ओढलं. परत ओढलं.

"बसलं वाटते," ती म्हणाली.

"बसलं नाही," गोदावरीबाई म्हणाली. "तुले येत नाही. पंचवीस वर्षं झाली, आईचा डबा उघडता नाही आला तुले. तो दाबून धरून ओढा लागते. आण इकडं."

तळटीप संपली होती, म्हणून मी पुढच्या पानावर काही आहे का ते पाहत होतो. अंधारात अक्षरं लागत नव्हती. झरोक्याचा उजेड मागच्या बाजूला पडत होता. मी पुस्तक वर धरून एक पाऊल मागे सरकलो. मग आणखी एक. मी स्वतःच समोर कुणी उभं राहायचं नाही असं सांगितलं होतं, पण मला वाटतं, त्या सांगण्यात मी स्वतःला धरलं नव्हतं.

मागे गोदावरीबाईचा दात-ओठ खाऊन ओढल्याचा आवाज आला. मग हातोडीचा टक्.

लाथ माझ्या उजव्या गुडघ्याच्या मागच्या खळग्यात बसली.

आता इथे मला थोडं थांबायला हवं, कारण पुढचं त्या खोलीत कुणाच्याच लक्षात आलं नाही आणि ते माझ्या दृष्टीने मोठं होतं. मागून मार बसला तसा माझा गुडघा पुढे दुमडला. मी खाली जाणार हे मला दिसत होतं. पुस्तक हातातून सुटलं. आणि मग मी पडलो नाही. मांडीने मला वर ओढून घेतलं, मी सांगायच्या आधी. मला खबर मागाहून मिळाली. पुस्तक जमिनीवर पालथं पडलं होतं आणि मी उभा होतो. इतके दिवस घाबरत होतो, पण माझा तुडुमावरचा माणूस जागेवर होता.

मी वळून पाहिलं. गोदावरीबाईच्या एका हातात डबा होता, दुसऱ्या हातात झाकण. सुपारी, काताचे तुकडे, वेलदोडे तिच्या मांडीवर आणि टेबलावर पसरले होते. पाय अजून थोडा झुलत होता. ती त्याच्याकडे बघत होती.

"मी नाही मारली जी गुरुजी," ती म्हणाली.

तिलाही ऐकू आलं असावं आपण काय बोललो ते, कारण तिने झाकण तोंडासमोर धरलं. आधी मला वाटलं ती रडते. गुरुजीला लाथ, शिवाय पुस्तक खाली पडलेलं. पण झाकणामागून वेगळाच आवाज येत होता. झाकण हलू लागलं. मग तिला ते धरवेना. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी काढून, टेबलाला धरून हसत होती. मध्येच थांबायची, पायाकडे बघायची आणि पुन्हा सुरू व्हायची.

"दादा," ती म्हणाली, "हासू येते गा."

"हो," खुशाल कोपऱ्यातून म्हणाला. तो या वेळी हसत नव्हता, भेदरला होता. "आपला पाय नाहीच वाटत नं?"

"दुसऱ्याच कोणाचा वाटते."

"तेच. मलेही तसंच झालं. मले वाटलं हा कोण बाप्पा माह्या कमरेले लटकून राहिला."

तिला पुन्हा हसू फुटलं. ती टेबलावरून उतरली, हसत हसतच वाकली आणि माझ्या पायाला हात लावला. मग पुस्तक उचललं, पदराने पुसलं, कपाळाला लावलं. तेवढा वेळ तिचे खांदे हलतच होते. जागेश्वर भिंतीला टेकून सगळं पाहत होता. तो म्हणाला, "माय, तू तं मामाच्याही वर झाली." जीभ पुरती बरी झाली होती.

नत्थूजी गोठ्याकडे जायला निघाले. कुणी अडवलं नाही.

मंदाबाई खाली बसून सुपारी वेचत होती. नंतर मी तिला विचारलं, झाकण खरंच बसलं होतं की तुम्ही ठरवून दिलं. ती म्हणाली, "डबा तं आम्ही रोजच उघडतो गुरुजी." मग म्हणाली, "कधी कधी बसतेही." यातून काय घ्यायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. गोदावरीबाई त्या गडबडीत झाकण हातात घेऊनच घरी गेली. डबा भावाकडे राहिला, झाकण बहिणीकडे. मागायला कुणी गेलं नाही आणि द्यायलाही कुणी आलं नाही, पण त्यानंतर पान खायचं झालं की दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या घरी जावं लागे.

लग्न वैशाखात झालं. भय्याजीने कोट वाया जाऊ दिला नाही. त्या उन्हात गळ्यापर्यंत गुंड्या लावून तो आला. त्याला अंतरपाटाचं एक टोक धरायला दिलं होतं आणि त्याच्या बाहीतून घाम गळून त्या टोकावर ओला डाग पडला होता.

खुशाल सकाळपासून उभा होता. मांडवात खुर्च्या होत्या, खाटा होत्या, लोक त्याला ओढून बसवत होते, तो बसत नव्हता. मी जवळ जाऊन म्हणालो, थोडं टेका, मुहूर्ताला अजून अवकाश आहे.

"नाही जी," तो म्हणाला. "बसलो का पाय लोंबते. लोंबला का भरवसा नाही."

मी त्याला सांगायला हवं होतं की खाली मांडी घालून बसलात तर काही होत नाही. पण मला दुसरंच काही सांगायचं होतं आणि ते कसं सांगावं ते समजेना. पुस्तकात त्याच प्रकरणात पुढे लिहिलं होतं की हातोडी हा डॉक्टरांचा खेळ आहे, तो स्नायू त्यासाठी नाही. माणूस उभा असतो तेव्हा त्याचा गुडघा सारखा दुमडू पाहतो, केसाएवढा. प्रत्येक वेळी मांडी ताणली जाते, ओरड कण्यात जाते, हुकूम येतो, गुडघा सरळ होतो. दिवसभर हे चालू असतं, डोक्याला कुणी काही विचारत नाही. ज्याने लाथ मारली तोच माणसाला उभं ठेवतो. एवढं मी म्हणणार होतो, पण तेवढ्यात वाजंत्री सुरू झाली आणि खुशाल भाच्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

मंगलाष्टकं लांबली. दोन भटजी होते आणि दोघांचीही हौस फिटायची होती. खुशाल सकाळपासून उभा, त्यात उपाशी. धोतराखाली त्याचे गुडघे किंचित हलताना मला दिसत होते. जरा पुढे जात, परत मागे येत. पलीकडे गोदावरीबाई उभी होती. तिची नजरही तिथेच होती आणि तिने पदराचं टोक दातांत धरलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी चटकन दुसरीकडे पाहिलं, कारण मला हसू येऊ लागलं होतं.

शेवटचं सावधान झालं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. माझ्या मुठीतल्या तशाच राहिल्या. मी अजून गुडघ्यांकडेच बघत होतो. ते दुमडले नाहीत. अंतरपाट खाली आला तेव्हा खुशालने वाकून भाच्याच्या पायाला हात लावला आणि कशाचाही आधार न घेता पुन्हा सरळ उभा राहिला.